चाळीस कागदांवरची दोन नावं

इंग्लंडचा एक सरदार गेल्या वर्षी आमच्या घरात शिरला, आणि माझ्या वडिलांनी आल्या आल्या त्याला आपल्या भावकीत घेतला.

मी अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी परदेशी माहितीपटांचं मराठी करते. वाघ, ज्वालामुखी, बुडालेली जहाजं, जे येईल ते. गेल्या वर्षी आला तो पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा एक अर्ल, म्हणजे तिकडचा मोठा सरदार, तीन भागांत. गोष्ट साधी होती. थोरला भाऊ अर्ल होता. तो वारला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती आणि त्या मुलीला मुलगा होता. धाकटा भाऊ म्हणाला, किताब आता माझा. मुलगी म्हणाली, माझ्या मुलाचा. धाकट्याच्या हातात वडिलांनी करून ठेवलेला दस्त होता: हा किताब पुरुषाकडून पुरुषाकडेच जाईल, मुलीकडून जाणार नाही. तो दस्त बगलेत मारून हा बाबा म्हातारा होईपर्यंत राजाच्या दारात खेटे घालत राहिला.

‘किताब’ हा शब्द मला पसंत नव्हता. पुस्तकासारखा वाटतो. मी सकाळी चहाच्या वेळी बाबांना विचारलं. बाबा आधी गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरच्या एका छापखान्यात पुस्तकं बांधायला लागले. पुस्तकं बांधता बांधता वाचायची सवय लागली, त्यामुळे शब्द अडला की मी त्यांच्याकडे जाते. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “किताब कसलो? मान तो. मान म्हण.”

मग बशी परत उचलत म्हणाले, “मगे? मिळाला काय तेका?”

“अजून दुसराच भाग चाललाय, बाबा. तिसऱ्याची स्क्रिप्ट आलेली नाही.”

“इली की सांग,” ते म्हणाले. त्या दिवसापासून रोज एकदा तरी हा प्रश्न ठरलेला.

का ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. शिमग्याला, जत्रेला, गावात काही शुभ निघालं की सगळा गाव देवासमोर उभा राहतो, मानकरी नारळ हातात घेऊन देवाला गावाच्या वतीने काय सांगायचं ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव म्हणतो, “होय म्हाराजा.” एवढंच. त्याचा पगार नाही, पाटी नाही, घाटकोपरमध्ये त्याला कुत्रं विचारत नाही. पण माझे आजोबा गाऱ्हाणं घालायचे, त्यांच्या मागे माझे थोरले काका, आणि काकांच्या मागे हात जोडून एक पाऊल मागे उभे माझे बाबा. जवळजवळ सगळं आयुष्य. मुंबईहून रजा काढून जायचे ते असं एक पाऊल मागे उभं राहायला. गाऱ्हाण्याचा शब्द न् शब्द त्यांना पाठ. काका मधे खोकले तर बाबांचे ओठ पुढचं वाक्य म्हणून मोकळे व्हायचे, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी काका गेले. काकांना एकच मुलगी, ती माझी आक्का. तिच्या नवऱ्याला काकांनी घरजावई करून घेतलेला, त्यामुळे आक्काचा मुलगा आमच्याच गावात, आमच्याच घरात वाढला. काका गेले त्या वर्षी शिमग्याला कोण उभं राहणार हे ठरायच्या आतच देव पालखीत बसले. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, जाता आलं नाही. आक्काच्या मुलाने नारळ उचलला. पुढच्या वर्षीही त्यानेच. आणि बाबा गावाहून फोन येईल म्हणून वाट बघत राहिले, तो आला नाही.

मी अर्लच्या गोष्टीवर हसले नाही ते यामुळे. भाऊबंदकी करायला कोकणातच जन्मावं लागत नाही, घरोघरी मातीच्याच चुली. स्टुडिओतला आमचा डबिंग डायरेक्टर मात्र वैतागला होता. म्हणाला, “मॅडम, हे अर्ल-बिर्ल पब्लिकला काय झेपणार यार? राजा करून टाका ना.” मी म्हटलं, “राजा वेगळा आहे रे, तो निकाल देणार आहे.” त्याला कोण कुणाचा कोण हेच कळेना. आवाज देणारी मंडळीही गोंधळली. धाकटा भाऊ मुलीला सून समजून बोलत होता. शेवटी मी चिडून घरी बसले आणि कॉम्प्युटरवर चौकटी आखून त्या घराण्याची वंशावळ काढली. वर वडील. त्यांच्याखाली दोन भाऊ. थोरल्याखाली एक मुलगी, तिच्याखाली तिचा मुलगा. धाकट्याखाली एक मुलगी, तिच्याखाली काही नाही. दुसऱ्या दिवशी डायरेक्टर म्हणाला, “झकास! आता समजलं.”

इकडे आमचं प्रकरण आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळापर्यंत गेलं. गावात अर्धी घरं कुलूपबंद, त्यांच्या चाव्या घाटकोपर, मुलुंड आणि भांडुपात. त्यामुळे गावचं काहीही ठरवायचं तर ते घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ठरतं. बाबांनी मंडळाला रीतसर पत्र दिलं. त्यातला मुद्दा एकच: मान मुलीकडून जात नाही. थोरल्याला मुलगा नव्हता म्हणून तो धाकट्याकडे आला पाहिजे.

ते पत्र मीच टाइप केलं. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. “मुलीकडून मान जात नाही, ही आपल्या पूर्वजांची रीत आहे.” समोर बसलेल्या मुलीला. बाबांना मी एकुलती एक. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. आई गेल्यापासून त्यांच्या गोळ्या, त्यांचे डोळे, त्यांची पेन्शन, त्यांचं मासे कुठल्या बाजाराचे यावरचं भांडण, सगळं माझ्याच गळ्यात, आणि मी ते आनंदाने बाळगते असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. माझ्या नाकावर राग असतो हे सगळी बिल्डिंग सांगेल. पण त्या दिवशी मी टाइप करत राहिले. मला राग आला होता आणि त्याच्या खाली वाईट वाटलं होतं. लहान असताना मी एकदा स्वयंपाकघरात हातात लिंबू घेऊन खेळात गाऱ्हाणं घातलं होतं. आई हसून हसून बेजार. बाबा म्हणाले होते, “चेडवांनी म्हणूचा नसता ता.” मुलींनी ते म्हणायचं नसतं, हे रागावून नाही, दार लावून घ्यायला सांगावं तसं.

आता ते स्वतः रोज सकाळी आंघोळ करून अकराव्या मजल्याच्या खिडकीत उभे राहून गाऱ्हाणं पुटपुटायचे. खालून अंधेरीची मेट्रो जायची. मी आत चहा गाळत ऐकायचे. आवाज थकला होता, पण एक शब्द चुकत नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला एकदा, फक्त एकदा, एक पाऊल पुढे उभं राहायचं होतं. हे मिळालं नाही तर हा माणूस उरलेले दिवस त्याच एका गोष्टीवर कुढत काढणार, हे मला दिसत होतं. म्हणून माझा राग मी गिळला.

मंडळाने वंशावळ मागितली. बाबांच्या ट्रंकेत एक वही आहे, आजोबांच्या हातची, मोडी आणि बाळबोध मिसळलेली. त्यात पुरुषच पुरुष. आमच्या घरात बायकांशिवायच सात पिढ्या वाढल्या असाव्यात. बाबा म्हणाले, छापील करून दे, चाळीस प्रती. त्याच शनिवारी मला स्टुडिओचा दुसरा भाग पूर्ण करून द्यायचा होता. नव्याने चौकटी कोण आखत बसणार? मी अर्लची फाइल उघडली. वर पणजोबा-खापरपणजोबांच्या चौकटी एकाखाली एक जोडल्या, आणि खाली अर्लच्या घराण्यावर आमची नावं टाइप करत गेले. आजोबा. थोरले काका, बाबा. चौकटी अशा बरोबर बसल्या की मला थांबायची गरजच पडली नाही. काकांच्या खाली आक्का, तिच्याखाली तिचा मुलगा. बाबांच्या खाली चौकट होती, मी माझं नाव घातलं. रिकामी चौकट दिसली की भरायची, हा माझ्या धंद्याचा रोग आहे.

बाबांनी भिंग घेऊन तपासली, पण वरच्या सात पिढ्याच. एका खापरपणजोबांच्या नावातला काना राहिला होता, तो घालायला लावला. शेवटच्या दोन ओळींकडे त्यांनी बघितलंही नाही. म्हणाले, “ती जिती माणसां, तेंचा काय तपासूचा?” मी चाळीस झेरॉक्स काढून आणल्या.

त्याच आठवड्यात तिसऱ्या भागाची स्क्रिप्ट आली. मी ती स्टुडिओतच वाचली आणि बॅगेत तळाशी घातली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “मगे? मिळाला काय तेका?”

“आली नाही अजून,” मी म्हटलं. बाबांशी मी खोटं क्वचितच बोलते, आणि बोलले की माझी मान खाली जाते. सुदैवाने त्यांना लांबचं नीट दिसत नाही.

रविवारी हॉल भरला. पोरांच्या बुटक्या बाकांवर पन्नाशी-साठीचे बाप्ये गुडघे वर करून बसलेले. पुढे टेबलावर देवाचा फोटो, हार, नारळ. बायका दोनच, मी आणि गावाहून मुद्दाम आलेली आक्का. आम्हाला मागचं बाक. आक्का आली, माझ्या शेजारी बसली आणि तिने पहिली गोष्ट काय केली तर पिशवीतून आमसुलांची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

“काकांका आमसुलां लागतत ना,” ती म्हणाली. “तू रागावलस काय गो माझ्यार?”

“तुझ्यावर कशाला रागावू?”

“झिल म्हणता, आजोबांका देऊन टाकूया मान. पण गाव म्हणता, ते मुंबयक, वर्षातून दोनदा येतले. इकडे आड, तिकडे विहीर. माका झोप नाय बघ.”

तिचा झिल, म्हणजे मुलगा, पुढे उभा होता. पस्तिशीचा, आडव्या हाडाचा. बाबा आत आल्याबरोबर त्याने वाकून नमस्कार केला होता. बाबांनी आशीर्वाद दिला, तोंडाने, हात न ठेवता.

अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, शांत बोलणारे. त्यांनी बाबांचं पत्र वाचून दाखवलं. प्रती वाटल्या गेल्या. चाळीस कागद फडफडले, आणि मग मागच्या एका बाकावरून कुणीतरी म्हणालं, “अध्यक्ष, ह्यात बायकांची नावं कशी काय?”

मी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. वाट लागली. सात पिढ्यांच्या पुरुषांखाली शेवटी दोन चौकटी, एकीत आक्का, एकीत मी. आणि आक्काच्या चौकटीतून निघालेली सरळ, ठसठशीत रेघ तिच्या मुलापर्यंत. बाबा ज्याला नाही म्हणत होते तेच मी त्यांच्या सहीनिशी चाळीस वेळा छापून आणलं होतं.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. “तुमचं पत्र म्हणतं मुलीकडून वंश धरत नाहीत. तुमची वंशावळ तर धरते. आम्ही काय समजायचं?”

बाबांना कळेना. ते कागद डोळ्यांजवळ नेत राहिले. मी उठून म्हणाले, “माझी चूक आहे. दुसरीच फाइल होती, मी घाईत—” पण हॉलमध्ये आवाज वाढला होता आणि मागच्या बाकावरचं बोलणं तसंही पुढे जात नव्हतं. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी बाबांच्या मदतीला धावले. चांगल्या मनाने. “अहो, टायपिंग मिस्टेक आहे, सोपं आहे. सगळ्यांनी आपापल्या कागदावरची ती दोन नावं खोडा. मग पुढचं बोलू.”

आणि हॉलभर पेनं निघाली. शर्टाच्या खिशातून, पिशव्यांतून. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी शेजाऱ्याला विचारलं. पेनांची टकटक मला अजून ऐकू येते. आक्काने माझा हात धरला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, खोडा बाबांनो, एकदाचं खोडा आणि म्हाताऱ्याला नारळ द्या. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की हे जर त्यांनी खोडू दिलं तर मी उद्यापासून त्यांच्यासमोर चहा ठेवेन, गोळ्या देईन, सगळं करेन, पण काहीतरी संपलेलं असेल.

बाबांनी तोपर्यंत आमच्या दोघींची ओळ वाचली होती. बोट ठेवून वाचली, एक एक अक्षर. मग ते उठले. त्या बुटक्या बाकातून उठायला त्यांना वेळ लागला, आक्काच्या मुलाने दंड धरून उभं केलं.

“पेनां खाली ठेवा,” बाबा म्हणाले.

काही पेनं परत खिशात गेली.

“चूक नाय ती.” त्यांनी कागद वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. “ह्या माझ्या भावाचा चेडू. आणि ह्या माझा चेडू. खोडूचा नाय.”

अध्यक्ष हलकेच म्हणाले, “मग तुमचा दावा राहत नाही, कळतंय ना?”

“कळता माका,” बाबा म्हणाले आणि खाली बसले.

पुढे फार काही झालं नाही. मान आक्काच्या मुलाकडेच राहील असं ठरलं, कुणी हात वर करून, कुणी नुसती मान हलवून. सभा संपताना रीतीप्रमाणे गाऱ्हाणं घालायचं होतं. आक्काचा मुलगा नारळ घेऊन बाबांसमोर आला. “आजोबा, आज तुम्ही घाला.” बाबांनी नारळाला हात लावला, क्षणभर ठेवला आणि परत त्याच्याकडे सरकवला. “मान तुझो. तुया घाल. माका नुसतो उभो रवांदे.”

तो देवासमोर उभा राहिला आणि बाबा त्याच्या मागे, एक पाऊल मागे.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मुंबयच्या शाळेत जमली आसत—”

“होय म्हाराजा!”

“तेंच्या मनात काय वाकडा-तिकडा इला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा—”

“होय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. त्या थकलेल्या गळ्यातून एवढा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. मी आणि आक्का मागच्या बाकाशी उभ्या राहून होय म्हाराजा म्हणत होतो आणि आक्का पदराने डोळे पुसत होती. मी पुसले नाहीत. मला पुढचं बघायचं होतं.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, “बाबा, मी मुद्दाम नाही केलं.”

“म्हायत आसा माका. तुझ्या अंगात घाईच भरलेली. आवशीवर गेलंस.”

“मग तसं सांगायचं ना सगळ्यांना. दोन नावं खोडली असती, तुम्हाला मान मिळाला असता.”

सिग्नलला रिक्षा थांबली. आमसुलांची पुडी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

“कागदार नाव बघूक नव्हता तवसर ठीक होता,” ते म्हणाले. “बघल्यावर खोडूचा कसा?”

सिग्नल सुटल्यावर त्यांनी विचारलं, “तो तुझो सरदार. स्क्रिप्ट इली ना? खोटा सांगू नको.”

“आली.”

“मगे? मिळाला काय तेका?”

“मिळाला. राजाने त्याच्या बाजूने निकाल दिला. दोन वर्षं मिरवला त्याने मान. मग तो गेला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती. त्याच्याच दस्ताप्रमाणे मुलीला काही जाईना. मान बुडाला, गढी राजाने घेतली.”

“आणि चेडू?”

“तिचं पुढे काय झालं माहीत नाही.”

“तेचा नाव काय?”

मी सबंध स्क्रिप्ट आठवून पाहिली. मी काढलेली वंशावळही आठवली. तिच्या चौकटीत मी काय टाइप केलं होतं ते आठवलं.

“नाव नाही, बाबा. नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय.”

रिक्षा आमच्या गल्लीत वळली. बाबा पुडी सांभाळत उतरायच्या तयारीला लागले.

“नाव लिवूक व्हया होता तेणां,” ते म्हणाले.